प्रवाळ पांढरं पडलं म्हणजे ते मेलं का?

नाही, पांढरं पडलेलं प्रवाळ (म्हणजे समुद्रातल्या इवल्या प्राण्यांची वसाहत) बहुतेकदा जिवंत असतं, फक्त उपाशी असतं. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. रंग त्याचाच आणि बरंचसं अन्नही तेच पुरवतं. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा जेमतेम १ अंश सेल्सिअसने जास्त, तेही काही आठवडे राहिलं, की प्रवाळ या भाडेकरूला बाहेर काढतं. मग पारदर्शक ऊतीतून खालचा चुनखडीचा पांढराफेक सांगाडा दिसतो. जवळून पाहा: इवले स्पर्शक, म्हणजे तोंडाभोवतीचे बारीक तंतू, दिसले तर जीव आहे (दिवसा ते आत ओढलेले असू शकतात, तेवढ्यावरून निकाल देऊ नका). सांगाड्यावर शेवाळाची हिरवट-तपकिरी लव चढली असेल, तर तो भाग गेला. पाणी लवकर निवलं तर पेशींतलं शैवाल परततं, पण वाढ नि प्रजनन पुढेही काही काळ रखडतं.