जाऊ द्यावं का तिला मालिकेत?

प्रश्न: मी बेस्टमध्ये डेपोत नोकरीला आहे, निवृत्तीला चार वर्षं उरली आहेत. राहायला भांडुपला, घराचे हप्ते अजून चालू आहेत. मुलगी टी. वाय. बी. कॉम.ला आहे. आंतरमहाविद्यालयीन एकांकिकेत तिला अभिनयाचं बक्षीस मिळालं आणि त्यातून एका मराठी मालिकेत नायिकेच्या मैत्रिणीचं काम चालून आलं. शूटिंग घोडबंदर रोडला, महिन्याला वीस-बावीस दिवस. ती म्हणते, परीक्षा पुढच्या वर्षी देईन. मी तिला भगवानदादांचं उदाहरण देतो, कारण माझ्या वडिलांनी त्यांना उतारवयात दादरच्या चाळीत पाहिलं होतं. ती मला अशोक सराफ आणि प्रशांत दामले सांगते. रोज जेवताना हेच. तिची एकांकिका मी पाहिलेली नाही, ड्युटी होती. जाऊ द्यावं का तिला?

उत्तर: नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही दोघं नटांची आयुष्यं एकमेकांपुढे ठेवून भांडताय आणि दोघांनीही ती अर्धीच ठेवली आहेत. म्हणून आधी ती पुरी सांगते, मग मालिकेकडे येते.

भगवानदादा, म्हणजे भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. १९५१ च्या ‘अलबेला’ने त्यांना डोक्यावर घेतलं. जुहूला २५ खोल्यांचा बंगला झाला, दारात सात गाड्या आल्या. तुमच्या वडिलांनी पाहिलं तेही खरं, २००२ साली दादा गेले ते दादरच्या चाळीतूनच. पण मधली वर्षं तुम्ही मुलीला सांगितली नाहीत. ‘अलबेला’चे ते नट होते, तसे निर्माते आणि दिग्दर्शकही होते. त्यानंतर स्वतः काढलेले चित्रपट पडले, पैसा अडकला, बंगला विकावा लागला, गाड्या गेल्या. मग पोट कशावर चाललं? नाचावर आणि छोट्या-छोट्या कामांवर. अंगात होतं त्यावर ते म्हातारपणापर्यंत कमावत राहिले. निर्मितीने नेलं, अभिनयाने नाही.

बालगंधर्वांचं मोठ्या मापावर तेच झालं. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या साथीने गंधर्व नाटक मंडळी निघाली. भरजरी शालू, खरे दागिने, उंची अत्तरं, प्रत्येक नाटकाला नवा थाट. लोक रांगा लावून येत होते आणि मंडळी कर्जात बुडत होती. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ झालं, तेव्हा तिकिटांचे भाव कुठल्या कुठे गेले होते. त्याच सुमारास बालगंधर्वांच्या स्वतःच्या मंडळीवर मात्र देणेकऱ्यांचा ससेमिरा होता. आवाज गेला म्हणून किंवा प्रेक्षक उठून गेले म्हणून ते दिवस आले नाहीत. येणारा आणि जाणारा रुपया कोणी धडपणे लिहीत नव्हतं.

आता मला सांगा, तुमची मुलगी काय शिकते आहे? हिशेबच ना? ही पदवी ‘नाटक नाही चाललं तर काहीतरी हाताशी असावं’ म्हणून पुरी करायची, असं तुम्ही तिला सांगत असाल तर ती ऐकणार नाही, आणि मीही या वयात ऐकलं नसतं. तिला हे सांगा की नटीला जे कोणी शिकवत नाही, ते ती आत्ता शिकते आहे.

तिची उदाहरणंही पुरी बघू. अशोक सराफ सुरुवातीची बरीच वर्षं स्टेट बँकेत नोकरीला होते. नाटक, तालमी, सिनेमा हे सगळं नोकरी सांभाळून चाललं. अमोल पालेकर जे. जे. मधून चित्रकला शिकलेले आणि बँकेत नोकरीला. प्रशांत दामले तर तुमच्याच बेस्टमध्ये होते, हे तुम्हाला डेपोत कोणीतरी सांगितलंही असेल. ६ नोव्हेंबर २०२२ ला षण्मुखानंद सभागृहात त्यांचा १२,५०० वा प्रयोग झाला. या आकड्यापर्यंत पोहोचायला किती रात्री बसने, टेम्पोने, पहाटेच्या गाडीने घरी परतावं लागलं असेल, ते तुमच्यासारख्या पहाटपाळी केलेल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

अभिनेत्री सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिकवत होत्या. १९७० च्या दशकात त्याच शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेची नाटकं होऊ लागली आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीला हक्काची जागा मिळाली. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, परदेशात जाऊन शिकून आलेले, आफ्रिकेत काम केलेले. १९६९ मध्ये त्यांनी पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं तेव्हा ते ४२ वर्षांचे होते, आणि ‘नटसम्राट’ त्यानंतर, १९७० च्या डिसेंबरात आलं. ४२ व्या वर्षाआधीही ते नाटक करतच होते, वर्षानुवर्षं, प्रॅक्टिस सांभाळून. हे मी मुलांना मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे येणाऱ्या वीस वर्षांच्या पोरांना वाटतं की पंचविसाव्या वर्षापर्यंत काही झालं नाही तर सगळं संपलं.

पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण मुलीच्या बापाला आणखी एक काळजी असते, ती ओळींच्या मध्ये दिसली. त्यावरही बोलू. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षी फाळक्यांच्या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या. ही कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, ज्यांच्या घरात तीन पिढ्या नट झाले. दुर्गा खोटे झेवियर्समध्ये शिकलेल्या, मोठ्या घरातल्या. संसाराची आर्थिक घडी विस्कटली, पदरात दोन मुलं, तेव्हा त्या सिनेमात आल्या. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ आला तेव्हा चांगल्या घरच्या बाईने पडद्यावर दिसावं हेच लोकांना पचत नव्हतं. पण मला त्यांचं पुढचं आयुष्य जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी स्वतःची संस्था काढून लघुपट आणि जाहिरातपट केले, आणि दूरदर्शनवरची ‘वागळे की दुनिया’ त्यांच्याच संस्थेची. १९८३ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. नटी आणि निर्माती दोन्ही झालेल्या या बाई बुडाल्या नाहीत. भगवानदादांशेजारी हेही नाव घरात घेत जा.

आणि शांता आपटे. १९३९ मध्ये करारावरून वाद झाला तेव्हा ही बाई पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसली. त्या काळातली एवढी नावाजलेली नायिका, फाटकाशी! पुढच्या वर्षी तिने पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘जाऊ मी सिनेमात?’ तुमच्या घरात रोज जेवताना चालतो तोच प्रश्न. आणि त्यात ती चकचकाटापेक्षा या धंद्यातल्या राबण्याबद्दल आणि पैशाबद्दल बोलली.

तर आता करार.

गेल्या वर्षी एक मुलगी माझ्यासमोर बसली होती, तुमच्या मुलीच्याच वयाची. पिशवीतून तिने इंग्रजीतलं चौदा पानी करारपत्र काढलं. प्रत्येक पानाच्या तळाशी तिची सही होती, गोल, शाळकरी अक्षरातली. मी विचारलं, सातव्या पानावर काय आहे? तिला माहीत नव्हतं. त्या पानावर लिहिलं होतं की मालिका चालू असेपर्यंत तिने दुसरीकडे कुठेही काम करायचं नाही, नाटकसुद्धा नाही. आणि मालिका कधीही तिला काढू शकते, तिने मात्र तीन महिने आधी कळवायचं. मालिकेने तिला चार महिन्यांनी काढलं. त्या चार महिन्यांत तिने दोन नाटकं सोडली होती.

म्हणून सही करण्याआधी हे विचारा. दिवसाचे पैसे किती आणि शिफ्ट किती तासांची? बारा तासांच्या वर गेलं तर काय? पैसे कधी मिळणार? या धंद्यात साधारण नव्वद दिवसांनी देण्याची पद्धत आहे, म्हणजे पहिले तीन महिने रिक्षाचं भाडं तुमच्याच खिशातून. टीडीएस कापला जाईल, त्याचं प्रमाणपत्र मागायचं आणि वर्षाअखेर रिटर्न भरायचं, हे ती टी. वाय.ला शिकतेच आहे. काम ज्या कोऑर्डिनेटरकडून आलं त्याचं कमिशन किती टक्के आणि किती महिने? सेटवर दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा? हा शेवटचा प्रश्न विचारायला मुली लाजतात. १९४२ मध्ये एका प्रसंगात भगवानदादांनी ललिता पवारांना थोबाडीत मारायची होती. ती जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा अधू झाला आणि उपचारांत वर्षं गेली. नायिकेची कामं गेली ती परत आली नाहीत. त्या उभ्या राहिल्या, चरित्र भूमिकांमध्ये दशकं गाजवली, पण ते त्यांच्या जिद्दीने. कागदावर त्यांच्या बाजूने काही नव्हतं.

मी स्वतः कॉलेजनंतर दोन वर्षं व्यावसायिक नाटकात छोटी कामं केली. एका निर्मात्याने अकरा प्रयोगांची नाईट, म्हणजे दर प्रयोगाचे ठरलेले पैसे, मला आजतागायत दिलेली नाही. माझ्याकडे एकही कागद नव्हता, फक्त ‘बघू गं, देतो’ एवढं होतं. आणि त्याच दोन वर्षांतलं दुसरंही सांगते. दीनानाथ नाट्यगृहात रविवारचा दुपारचा प्रयोग संपला की मेकअप रूमच्या दारात व्यवस्थापक एक वही घेऊन उभे राहायचे. एकेकाला पाकीट द्यायचे, पैसे तिथेच मोजायला लावायचे आणि मग वहीत सही. प्रमुख नटापासून चहा आणणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांची सही त्या एकाच पानावर. तोंडावरचा रंग पुसायच्या आधी आम्ही पैसे मोजायचो. त्या माणसाबरोबर काम केलेले लोक अजून त्याचं नाव आदराने घेतात.

आता तुमचा प्रश्न. माझं मत असं: टी. वाय. सोडून मालिका नको. मालिका मात्र नकोच असं नाही. मुलीने निर्मात्याला लेखी विचारावं की पाचव्या आणि सहाव्या सत्राच्या परीक्षेचे दिवस आणि हजेरीपुरते दिवस मोकळे मिळतील का. मैत्रिणीच्या भूमिकेला महिन्याला बावीस दिवस खरंच लागतात का, की बोलावून बसवून ठेवणार आहेत, हेही विचारावं. बारा-तेरा दिवसांवर जमत असेल आणि तारखा करारात लिहून मिळत असतील, तर करू द्या. मी तिच्या बाजूने आहे. लेखी देत नसतील तर तिने नाही म्हणावं. असं काम पुन्हा चालून येईलच असं वचन मी तिला देत नाही, खोटं बोलल्यासारखं होईल. पण पदवीशिवाय दोन दारं नक्की बंद होतात. कलिन्याला मुंबई विद्यापीठाच्या अकादमी ऑफ थिएटर आर्ट्समधला पदव्युत्तर अभ्यासक्रम पदवीनंतरच करता येतो, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयालाही पदवी लागते. रोहिणी हट्टंगडी तिथूनच शिकून आल्या आणि ‘गांधी’ चित्रपटातल्या कस्तुरबांसाठी त्यांना बाफ्टा हा ब्रिटनचा चित्रपट पुरस्कार मिळाला. वर्षभराने ती या दारांशी उभी राहिली तर रिकाम्या हाताने नको.

मालिका हुकली तरी या वर्षी तिचा हात थांबू देऊ नका. एकांकिका स्पर्धा आहेत, राज्य नाट्य स्पर्धा आहे, हौशी संस्थांना बॅकस्टेजला माणसं लागतातच. कोणाच्या तरी नाटकाचा प्रयोगाचा हिशेब तिने सहा महिने लिहावा: नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, टेम्पो, नाईट, चहा, आणि शेवटी हातात काय उरलं. बी. कॉम.च्या कुठल्याही प्रोजेक्टपेक्षा ती यातून जास्त शिकेल, आणि तिच्या हातात हिशेब आहे हे कळल्यावर निर्मातेसुद्धा तिच्याशी वेगळं बोलतील.

करारपत्राचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठवा, मी पान-पान वाचून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. आणि तिची एकांकिका पुढच्या फेरीत गेली असेल तर तारीख विचारून ठेवा. डेपोत कोणाशी तरी ड्युटी बदलून घ्या. तिला आधी सांगू नका, मागच्या रांगेत बसा.