एअर पिस्तुलात सीओटू बरा की दाबलेली हवा? आणि व्हॉल्व्ह घरी करता येईल का?

सरळ सांगतो, हवाच. सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, त्यामुळे त्याचा दाब तापमानावर चालतो: २० अंशांना साधारण ५७ बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेइतका दाब), शून्य अंशाला ३५च्या आसपास. भराभर गोळ्या मारल्या की द्रव उकळतो, सिलिंडर हाताला गार लागतो, दाब पडतो आणि छर्रा लक्ष्यावर खाली बसायला लागतो. आपल्याकडे मे महिन्यात उलटं होतं. ३१ अंशांच्या वर तर द्रव उरतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. म्हणूनच १० मीटरच्या स्पर्धेतली पिस्तुलं हवेवर गेली.

त्यात सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात, पण रेग्युलेटर पुढच्या छोट्या कप्प्यात दर वेळी तेवढाच कमी दाब सोडतो. ट्रिगर ओढला की हातोडी व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटते, तो क्षणभर उघडतो आणि आतल्याच दाबाने परत मिटतो. सुंदर रचना आहे ही!

घरी मात्र करू नका, कळकळीने सांगतोय. स्कूटरच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते. २०० बारवर दोन सेंटिमीटर व्यासाच्या बुचावर सहाशे किलोहून जास्त जोर येतो. एक आटा कच्चा निघाला की ते बूच तोंडावर येतं. यंत्रणा हाताळायचीच असेल तर शूटिंग रेंजवर जा, तिथल्या आर्मररला, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याला, पिस्तूल उघडताना बघा. पहिल्याच दिवशी रेग्युलेटरच्या वॉशरची चळत आणि ओ-रिंग (हवा गळू न देणारं रबरी कडं) बोटात धरून पाहायला मिळतील.