उपसूर्य म्हणजे धाकटा सूर्य नव्हे

कोल्हापुरात गंगावेशीजवळ राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय : "मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात उपसूर्य आणि अपसूर्य असे दोन शब्द आलेत. तो म्हणतो, उपसरपंच म्हणजे सरपंचाच्या हाताखालचा, मग उपसूर्य म्हणजे सूर्याच्या हाताखालचा का? आणि जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते असं तिथं लिहिलंय, ते छापताना चुकलंय का? जानेवारीत तर आपण शेकोटी पेटवतो."

ताई, पुस्तक बरोबर आहे आणि मुलाची शंका त्याहून मोलाची आहे. त्यानं शब्दाची फोड केली, आपल्याला माहीत असलेला अर्थ लावून पाहिला आणि तो बसत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. शब्दाचा अभ्यास असाच सुरू होतो.

आजच्या मराठीत 'उप' म्हटलं की दुय्यम हाच अर्थ पुढे येतो : उपसरपंच, उपमहापौर, उपविभाग. पण 'उप'चा मूळ अर्थ आहे जवळ. उपस्थित म्हणजे जवळ उभा असलेला. उपासना म्हणजे जवळ बसणं. उपवास म्हणजेही मुळात जवळ राहणं, पोट रिकामं ठेवण्याचा अर्थ नंतर चिकटला. अमरकोशात 'उपसूर्यक' असा शब्द आहे, त्याचा अर्थ खळं, सूर्याभोवती पडतं ते. तिथंही 'उप' म्हणजे लगतचं. तेव्हा उपसूर्य म्हणजे पृथ्वीच्या वाटेवरची सूर्याजवळची जागा.

'अप'चं दुखणं आणखी वेगळं. अपमान, अपयश, अपशकुन ऐकून ऐकून 'अप' म्हणजे वाईट असं कानात बसलंय. मुळात तो 'पासून दूर' सांगतो. अपहरण म्हणजे दूर नेणं. व्याकरणाच्या तासाला पंचमीचा कारकार्थ अपादान म्हणून पाठ केलेला असतो ना, 'ऊन', 'हून', तोच हा 'अप'. गंगावेशीहून निघालं की गंगावेस हे अपादान. अपसूर्य म्हणजे सूर्यापासून दूरची जागा. इंग्रजी पुस्तकांतल्या 'ॲफेलियन' या शब्दाच्या सुरुवातीला जो ग्रीक 'अपो' आहे, तो आपल्या 'अप'चा सख्खा भाऊ. 'पेरिहेलियन'मधला 'पेरी' मात्र आपल्या 'परि'चा भाऊ, म्हणजे भोवती. शब्द घडवणाऱ्यांनी 'परिसूर्य' केलं नाही, अर्थ पाहून 'उप' घेतला. मला हे फार आवडतं. 'परिसूर्य'वरून काहीच कळलं नसतं.

आता जानेवारीचं. पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आहे. दरवर्षी ३ ते ५ जानेवारीच्या सुमारास ती उपसूर्याशी येते, तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात अपसूर्याशी, तेव्हा सुमारे १५ कोटी २१ लाख. फरक ५० लाख किलोमीटरचा, ऐकायला प्रचंड, पण एकूण अंतराच्या साडेतीन टक्केही नाही. त्यामुळे जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा जवळजवळ सात टक्के जास्त ऊन मिळतं. ते खोटं नाही. पण त्याच जानेवारीत भर दुपारी कोल्हापुरात सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो. तिरप्या उन्हाची तीच तिरीप जास्त जमिनीवर पसरते, सपाट जमिनीच्या वाट्याला पाऊणपटच येतं. शिवाय दिवस सुमारे अकरा तासांचा, जूनमध्ये तो तेराच्या घरात असतो. सात टक्क्यांची भर यात कुठल्या कुठे विरून जाते. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे, ऋतू त्यानं होतात. जानेवारीतली सिडनीची कसोटी पहाटे उठून बघणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही : दिवस तोच, सूर्यापासूनचं अंतर तेच, तिथं टोप्या घालून खेळतात आणि इथं आपण स्वेटर घालून बघतो.

'जवळ गेलं की चटका' हा चुलीचा अनुभव आहे, तो आपण सूर्याला लावतो. पण आपली बोली काय म्हणते ते ऐका. सूर्य वर आला, डोक्यावर आला, कलला. उन्हं चढली, उन्हं उतरली. सकाळचं ऊन कोवळं, दुपारचं रखरखीत. यात एकदाही 'सूर्य जवळ आला' नाही. सगळे शब्द उंचीचे आणि कलाचे आहेत. शेतात राबणाऱ्यांनी ऊन अंगावर घेऊन जे शब्द घडवले, त्यांत ऋतूचं खरं कारण आधीच आहे.

आणि कोल्हापूरकरांना तर ते अंबाबाईच्या देवळात दिसतं. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीपर्यंत पोचतात, पहिल्या दिवशी चरण, मग वर वर चढत तिसऱ्या दिवशी मुख. हा किरणोत्सव ९, १०, ११ नोव्हेंबरला होतो आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. मधल्या तारखा मोजून बघा. १० नोव्हेंबरपासून २२ डिसेंबर ४२ दिवसांवर, तिथून १ फेब्रुवारी ४१ दिवसांवर. म्हणजे दोन्ही किरणोत्सवांचा मध्य पडतो तो उत्तरायण सुरू होण्याच्या दिवसावर, जानेवारीच्या उपसूर्यावर नाही. मावळतीची जागा दक्षिणेकडे सरकते, थांबते, परत फिरते, आणि जाता-येता दोनदा त्या दाराच्या रेषेत येते. उपसूर्य त्यानंतर पंधरवड्यानं येतो हा निव्वळ योगायोग. त्याची तारीख साधारण ५८ वर्षांत एक दिवस पुढे सरकते.

मग अंतराला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो आपल्या पंचांगात आहे. सूर्याजवळ असताना पृथ्वी जोरात धावते, सेकंदाला ३०.३ किलोमीटर, दूर असताना २९.३. म्हणून मार्च ते सप्टेंबर या दोन संपातांमध्ये, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याच्या दोन तारखांमध्ये, सुमारे १८६ दिवस जातात, तर सप्टेंबर ते मार्च सुमारे १७९. बाजरीची भाकरी, लोणी आणि भरीत खाण्याचा आपला धुंधुरमास, म्हणजे सूर्य धनु राशीत असण्याचा काळ, जेमतेम साडेएकोणतीस दिवसांत संपतो. मिथुनेत सूर्य साडेएकतीस दिवसांच्या आसपास रेंगाळतो. अधिक मासाचं कोडंही इथंच सुटतं. चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. दोन संक्रांतींच्या, म्हणजे सूर्याच्या दोन राशीबदलांच्या, मध्ये तो अख्खा मावला, तर तो अधिक. मिथुनेसारख्या ऐसपैस महिन्यांत तो सहज मावतो, धनूत त्याला जागाच नसते. म्हणून अधिक मास बहुधा चैत्र ते आश्विन या पट्ट्यात येतो : २०१८ ला ज्येष्ठ, २०२० ला आश्विन, २०२३ ला श्रावण.

आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात या दूरच्या बिंदूला 'मंदोच्च' म्हणतात. सूर्य जिथं सगळ्यांत मंद चालतो तो. दूर गेल्यानं काय बदलतं ते त्या नावातच आहे : चाल. थंडी-उन्हाचा त्यात उल्लेखही नाही. पाठ्यपुस्तकात 'अपसूर्य' शेजारी हा शब्द दिला, तर मुलांना फार मोठी मदत होईल असं मला मनापासून वाटतं.

मुलाला एक करायला सांगा, ताई. मीटरभर लांबीची सरळ काठी गच्चीवर उभी धरायची. ६ मेच्या आसपास दुपारी साडेबाराला तिची सावली तिच्याच पायात नाहीशी होईल. (ऑगस्टच्या ६ तारखेच्या सुमारासही होते, पण तेव्हा ढग बघू देतील याची खात्री नसते.) मग ४ जानेवारीला, पृथ्वी उपसूर्याशी असताना, बारा अडतीसला तीच काठी तिथंच धरायची आणि सावली टेपनं मोजायची. ती ८२ सेंटिमीटरच्या आसपास भरेल.