पाकिटावर ‘नो ॲडेड शुगर’, आत मध अन खजुराचं सिरप, अन वरून कंपनीचीच नोटीस

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला, पाकिटाचे फोटो मोठे करून पाहिले. पहिले वकील म्हणून एक गोष्ट सांगतो म्हणजे रात्री झोप लागेल. तुम्हाला आलेली नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नाही. वकिलाच्या लेटरहेडवर लिहिलेली ती कंपनीची मागणी आहे, बस. तिला उत्तर द्यायचंय, पण घाबरून काही डिलीट करायचं नाही.

बाकीच्यांना समजावं म्हणून ताईंचं प्रकरण थोडक्यात. सासऱ्यांना शुगर, डॉक्टर म्हणाले सकाळचे तर्री पोहे कमी करा, म्हणून ताईंनी नागपुरात धरमपेठेतल्या एका दुकानातून मुसलीचे, म्हणजे ओट्स-किसमिसच्या तयार नाश्त्याचे, तीन पुडे घेतले, ४९९ रुपयांचा एक, समोर मोठ्या अक्षरात ‘नो ॲडेड शुगर’ अन बाजूला छोटीशी चांदणीची खूण (*). बाबा तीन आठवडे रोज वाडगाभर खात राहिले अन शुगर वाढलेली निघाली. तेव्हा ताईंनी मागची बाजू वाचली. दुकानदार म्हणतो उघडलेला माल परत घेत नाही. ताईंनी रागात फोटोसकट ऑनलाइन रिव्ह्यू टाकला, तर आता कंपनी म्हणते ७ दिवसांत काढा, माफी मागा, नाहीतर १० लाखांचा बदनामीचा दावा.

आता तुम्ही पाठवलेल्या त्या मागच्या बाजूच्या फोटोवर येऊ, कारण तुमची सगळी केस तिथंच आहे. घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिले. तुमच्या पाकिटावर पहिले ओट्स, दुसऱ्या नंबरवर मध ११ टक्के, मग किसमिस, मग खजुराचं सिरप ७ टक्के. अन खाली तक्त्यात १०० ग्रॅममागे एकूण साखर २१ ग्रॅम, ॲडेड शुगर शून्य. चांदणीचा अर्थ पार तळाशी, मुंगीच्या अक्षरात: रिफाइंड साखर वापरलेली नाही.

एफएसएसएआय म्हणजे देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण, त्याचे जाहिरात आणि दाव्यांचे २०१८ चे नियम याबाबतीत एकदम स्पष्ट आहेत. ‘साखर घातलेली नाही’ असं म्हणायचं तर कुठल्याच प्रकारची साखर घातलेली नसावी, अन त्यात मधाचं नाव उदाहरण म्हणून दिलेलं आहे, शिवाय साखरेच्या ऐवजी गोडीसाठी घातलेले साखरयुक्त घटकही चालत नाहीत. किसमिसमधली साखर तिची स्वतःची आहे, तिच्यावर वाद घालू नका, तिथं कंपनी बरोबर ठरेल. तुम्ही मध अन सिरप धरा. ११ टक्के मध स्वतःच छापायचा अन त्याच पाकिटावर ॲडेड शुगर शून्यही छापायचं, हे दोन्ही एका वेळी खरं असू शकत नाही, आणि हे दाखवायला ना लॅब लागते ना डॉक्टर.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये जाहिरातीच्या व्याख्येत लेबल अन रॅपरही येतं, हे खूप लोकांना माहीत नसतं, त्यांना वाटतं जाहिरात म्हणजे टीव्हीवरची. म्हणून पाकिटावरचा खोटा दावा ही सरळ दिशाभूल करणारी जाहिरात होते. अन त्या चांदणीचं म्हणाल तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात खुलाशानं मूळ दावा फिरवायचा नाही आणि खुलासा दाव्याच्याच भाषेत अन तशाच अक्षरात हवा असं आहे. समोर एक म्हणायचं अन तळाशी मागं घ्यायचं, याला त्या सूचना खुलासा मानत नाहीत.

आता बदनामीचं. भारतीय न्याय संहितेत ते कलम ३५६ आहे, त्यातला पहिलाच अपवाद म्हणजे लोकांच्या हिताची खरी गोष्ट सांगणं. दिवाणी दाव्यातही खरं बोललो हा बचाव आहेच. तुमच्या रिव्ह्यूतलं ‘मध ११ टक्के आहे, तरी नो ॲडेड शुगर लिहिलंय’ हे वाक्य कोणी हलवू शकत नाही. पण ताई, ‘चोर कंपनी’ अन ‘हे विष विकून राहिले, माझ्या सासऱ्यांच्या जिवावर उठले’ ही दोन वाक्यं तुम्ही सिद्ध कशी करणार? राग मला समजतो, माझ्या आईलाही शुगर आहे, अन घरच्या माणसाच्या ताटात आपणच चुकीची गोष्ट वाढली हे किती बोचतं ते माहीत आहे. तरी ती दोन वाक्यं काढा. आधी रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, मग एडिट करा, फोटो अन आकडे तसेच राहू द्या.

नोटीसला उत्तर छोटं द्या. मी लिहिलेलं पाकिटावर छापलेलंच आहे, बॅच नंबर हा, फोटो सोबत, दोन वाक्यं माझे हक्क राखून सौजन्य म्हणून काढली आहेत, माफीचा प्रश्न येत नाही, आणि तुमचा ‘नो ॲडेड शुगर’चा दावा कोणत्या आधारावर आहे ते १५ दिवसांत लेखी कळवा. मेलनं पाठवा अन स्पीड पोस्टनंही. त्यांच्या कस्टमर केअरला फोन करून भांडू नका, फोनवरचं काहीच हातात राहत नाही.

तुम्ही विचारलंय सासऱ्यांच्या तब्येतीची भरपाई मिळेल का. इथं मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. शुगर वाढायला गोळ्या चुकणं, झोप, चालणं थांबणं, कितीतरी कारणं असतात अन कंपनीचा वकील तेच विचारेल. डॉक्टरांनी फाईलवर तसं स्पष्ट लिहून दिलं असेल तर जोडा, नसेल तर तक्रारीचा पाया लेबलच ठेवा अन तब्येतीचं मानसिक त्रासात एका परिच्छेदात सांगा. मजबूत मुद्द्याला कमजोर मुद्दा बांधला की दोन्ही ओढले जातात, हे मी ग्राहक आयोगात फार वेळा पाहिलंय.

दुकानदाराचं एवढंच की तुमच्याकडे फक्त यूपीआयचा मेसेज आहे, बिल नाही. बिल मागा, लेखी मागा. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. लेबल कंपनीचं आहे, त्यामुळे खरी लढाई त्याच्याशी नाही, पण तक्रारीत त्यालाही पक्षकार करा म्हणजे खरेदी नाकारता येणार नाही.

तक्रार नागपूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात होते, कंपनी दुसऱ्या राज्यातली असली तरी, कारण तुम्ही इथं राहता. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असंही नाही. मुदत २ वर्षं. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर नोंदवून पाहा, कधीकधी तिथंच पैसे परत मिळतात. आयोग पैसे परत, नुकसानभरपाई, शिवाय चुकीची दुरुस्ती करणारी जाहिरात द्यायलाही सांगू शकतो, ही मागणी विसरू नका, तुमच्यासारख्या हजारो घरांत हा पुडा गेला असेल. कायद्यात ३ महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर ५, असं लिहिलंय, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, तयारी ठेवा.

एफडीएकडे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, वेगळी तक्रार करा. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. तो दंड सरकारजमा होतो, तुम्हाला मिळत नाही, पण कंपनीला लेबल बदलावं लागतं ते याच्यानं.

अन शेवटी तुम्ही विचारलं मग बाबांना नाश्त्याला द्यायचं काय. मी वकील, आहारतज्ज्ञ नाही, पण लेबल रोज वाचतो. समोरची बाजू वाचूच नका, पाकीट पलटवा. पहिल्या तीन घटकांत साखर, गूळ, मध, सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन यातलं काही असेल तर ठेवून द्या. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर, ती तर तक्त्यात साखर म्हणून दिसतही नाही अन रक्तात साखर झपाट्यानं वाढवते. ‘लो शुगर’ लिहायचं तर १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही, ‘हाय फायबर’ लिहायचं तर किमान ६ ग्रॅम फायबर हवं, हे दोन आकडे लक्षात ठेवले तरी खूप. अन तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या रकान्यात करा. सर्व्हिंगच्या रकान्यात ३० ग्रॅम असतात, तुमच्या पाकिटावर त्यात साखर ६.३ ग्रॅम दिसते, पण बाबांचा वाडगा ७० ग्रॅमचा, म्हणजे जवळपास १५ ग्रॅम, तीन चमच्यांच्या वर, रोज सकाळी. साधे ओट्स, नाहीतर आपल्या इकडच्या ज्वारीच्या कण्या ताकासोबत, डॉक्टरांना विचारून.

नोटीसचे ७ दिवस शुक्रवारी संपून राहिले. आज रात्री रिव्ह्यू एडिट करा, उद्या उत्तर पाठवा. अन तीनपैकी जे दोन पुडे सीलबंद आहेत ते उघडू नका, फेकू नका, दुकानदार आता परत घेतो म्हणाला तरी देऊ नका, आयोगानं लॅबला पाठवायचं ठरवलं तर तोच नमुना लागेल. रिकाम्या पुड्यासकट एका पिशवीत घालून, वर खरेदीची तारीख लिहून, कपाटाच्या वरच्या खणात ठेवा.