मधमाशी रंग शिकली की जागा?

प्रश्न : मधमाशीला रंग ओळखता येतात का, हे पाहणारा अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स हेन्री टर्नर यांचा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घेतला. निळ्या पुठ्ठ्यावर मध ठेवला, माश्या येऊ लागल्या. पण त्याच जागी पिवळा पुठ्ठा ठेवला तर त्या त्यावरही उतरल्या. चुकलं कुठे? – एक विज्ञान शिक्षक

उत्तर : तुमच्या माश्या बहुधा जागा शिकल्या, शिवाय मधाचा वासही त्यांना पुरेसा होता. टर्नर यांना नेमकी हीच शंका होती. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या सेंट लुईसच्या ओफॅलन पार्कमधल्या प्रयोगांत त्यांनी रंगीत चकत्यांच्या जागा बदलल्या आणि मधाचा स्पर्शही न झालेल्या नव्या कोऱ्या चकत्या मांडून पाहिल्या. शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट असूनही ते तेव्हा हायस्कुलात शिकवत होते, त्यामुळे शाळेच्या साधनांत हा प्रयोग बसतो.

मधाऐवजी साखरपाणी घ्या, वजनाने एकास एक. त्याला वास जवळपास नसतो. एकसारख्या काचेच्या बशा घ्या. निळ्या पुठ्ठ्यावरच्या बशीत साखरपाणी, बाकी सगळ्यांत साधं पाणी. दर दहा-पंधरा मिनिटांनी बशांसकट पुठ्ठ्यांची अदलाबदल करा. ही पायरी गाळली की तुमच्यासारखाच निकाल येतो. येणाऱ्या माश्यांच्या पाठीवर रंगाचा बारीक ठिपका द्या, म्हणजे शिकलेली कोण आणि नवखी कोण ते कळेल. दंशाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना दूर ठेवा.

चाचणीच्या वेळी सगळ्या बशा रिकाम्या आणि धुतलेल्या हव्यात, पुठ्ठेही नवे. माश्या उतरलेल्या जागी आपला वास सोडून जातात, म्हणून पुठ्ठ्यांवर काच ठेवली असेल तर तीही बदला. चार-पाच मिनिटांत मोजणी आटपा. काहीच मिळत नाही असं दिसलं की माश्या इतरत्र शोधू लागतात आणि आकडे बिघडतात.

आता खरी मेख. निळा आणि पिवळा एवढेच दोन पुठ्ठे असतील, तर माशीने रंग ओळखला की फक्त गडद-फिका फरक, हे सांगता येत नाही. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी निळ्याभोवती फिक्यापासून गडदपर्यंत राखाडीच्या अनेक छटा मांडून ही पळवाट बंद केली. त्यांचं काम १९१४ साली प्रसिद्ध झालं. पांढऱ्या-काळ्या रंगाच्या मिश्रणातून अशा दहा-बारा छटा शाळेतही करता येतात. टर्नर यांनी लाल चकत्या वापरल्या होत्या, पण मधमाशीला लाल रंग जवळपास दिसत नाही, तो तिला गडद वाटतो. तेव्हा सुरुवात निळ्यावरच करा. लाल नंतर घ्या, तोही काळ्या आणि गडद राखाडीच्या शेजारी मांडून. माश्यांची तिथे गफलत होते ती मुलांना स्वतः मोजू द्या.