आधी वेदी बघ, मग देव

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

ग्रीक देवांच्या वंशावळींची वही थोडे दिवस बाजूला ठेव. झ्यूसला मुलं किती, यापेक्षा त्याला काय वाहत, कुठे वाहत आणि नंतर ते कोण खात, हे आधी बघ.

ग्रीक देऊळ म्हणजे मूर्तीचं घर. लोक जमत ते बाहेर, उघड्यावरच्या वेदीभोवती. होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात नेस्टर राजा अथीना देवीला गाय बळी देतो, तेवढा भाग सावकाश वाच. शिंगांना सोनं मढवतात. हात धुवायला पाणी आणि सातूचे दाणे आणतात. जनावराच्या डोक्यावरचे केस कापून आगीत टाकतात, कुऱ्हाडीचा घाव बसताच बायका मोठ्याने हाळी देतात, मग गळा चिरतात. मांड्यांची हाडं चरबीच्या दुहेरी थरात गुंडाळून जाळतात, वर मद्य ओततात. कलेजी-गुर्द्यांसारखे आतले अवयव आधी चाखायचे, उरलेलं मांस नंतर सळ्यांवर भाजायचं.

देवाला हाडं आणि माणसाला मांस, असं का? कथा लागते ती इथे. हेसिओड हा जुना ग्रीक कवी सांगतो, मेकोने या गावी प्रोमिथिअस या टायटनने पांढऱ्याशुभ्र चरबीखाली हाडं लपवून झ्यूसपुढे ठेवली, तेव्हापासून वाटणी तशीच. म्हणून सगळ्याच बळींना ‘होम’ म्हणू नकोस. जनावर अख्खं जाळलं तरच तो शब्द वापर, नाहीतर जेवणाची पंगतच नजरेआड होते.

दुसरी चूक ‘झ्यूस : विजेचा देव’ अशा एका ओळीच्या नोंदीची. अथेन्सभोवतालच्या ॲटिका प्रांतातल्या एर्खिया गावाचं इ.स.पू. चौथ्या शतकातलं बळींचं वेळापत्रक दगडावर कोरलेलं आहे, किमतींसकट. त्यात ‘मेलिखिओस’ या उपनावाच्या झ्यूसला मेंढरू, १२ द्राख्मा (ग्रीक चांदीची नाणी), आणि आतले अवयव उरकेपर्यंत मद्य वर्ज्य. ‘एपोपेतेस’ उपनावाच्या झ्यूसला मात्र ३ द्राख्मांचं डुकराचं पिल्लू, अख्खं जाळायचं, मद्य नाहीच. नाव एकच, पण एका ठिकाणी गाव जेवतं आणि दुसऱ्या ठिकाणी कुणाच्याच हाती काही लागत नाही. उपनाव गाळलंस तर हा फरक कळणारच नाही.

तेव्हा वहीत रकाने आखून घे: उपनाव, जागा, तिथी, जनावर, मद्य, वाटणी. पहिली नोंद त्याच वेळापत्रकातल्या सेमेलीची, म्हणजे मद्याचा देव डायोनायसस याच्या आईची, कर. एलाफेबोलिओन महिन्याची १६ तारीख, बकरी, १० द्राख्मा, डायोनायससच्याच वेदीवर, मांस बायकांना, कातडं पुजारणीला, आणि तिथून काहीही बाहेर न्यायचं नाही. दहा नोंदी झाल्या की पाठव.