नॉइज रॉक नव्याने ऐकताय? आधी एवढंच करा

अरे वा, स्वागत! नॉइज रॉक म्हणजे मुद्दाम कर्कश, गोंगाटी वाजवलेलं रॉक. पहिली चूक सगळेच करतात, मीही केली, सगळ्यात कर्कश अल्बम आधी लावायचा आणि दहा मिनिटांत डोकं धरून बसायचं. तसं नको. जीझस लिझर्ड या बँडचा १९९१ चा अल्बम 'गोट' घे, आणि गिटार सोडून बेस आणि ड्रम्सवर कान ठेव, गाणं तिथेच उभं असतं, वरचा गोंगाट नंतर आपोआप उलगडतो. मोबाईलच्या स्पीकरवर तर अजिबात नको, बेसच गायब होतो.

नवीन हवं असेल तर चॅट पाइल या बँडचा 'कूल वर्ल्ड' (२०२४), जीझस लिझर्डचाही आधीच्या अल्बमनंतर २६ वर्षांनी त्याच वर्षी 'रॅक' आला, म्हातारे अजून पेटलेत!

लाइव्हला जाशील तेव्हा:
- इअरप्लग. हसतील लोक, हसू देत. मी एकदा अँपसमोर (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) उभा राहिलो, दोन दिवस कानात शिट्टी.
- साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभा राहा, तिथे आवाज सगळ्यात नीट लागतो.
- ओपनिंग बँड चुकवू नको.
- टी-शर्ट, रेकॉर्ड बँडच्या टेबलावरूनच घे, छोट्या बँडच्या गाडीचं डिझेल बऱ्याचदा त्यातूनच निघतं.

गिटारचे पेडल, ट्युनिंग वगैरेबद्दल नंतर बोलू. आधी 'गोट' तीनदा ऐक, मग सांग.